सीईटीचे गणित आणि गाइडचा उपयोग

एमएचटी-सीईटी या राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेच्या गणिताच्या गाइडमध्ये साधारण चार गोष्टी असतात. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला सूत्रांची पाने, मग सोप्याकडून अवघडाकडे जाणारे बहुपर्यायी प्रश्न, त्यानंतर मागच्या वर्षांच्या पेपरांतले प्रश्न आणि शेवटी उत्तरसूची, सोबत त्रोटक ‘हिंट्स’. सूत्र कुठून आले, हे त्यात नसते आणि असलेच तर दोन ओळींत उरकलेले असते. धडा वर्गात शिकून झाला आहे, असे धरूनच गाइड लिहिलेले असते. घोळ होतो तो गाइडलाच पाठ्यपुस्तक मानले की.

परीक्षेचा साचा पक्का आहे. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० गुण, तर एकट्या गणिताचे १००. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत संगणकावर होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. काठिण्यपातळी जेईई मेनच्या तोडीची ठेवली जाते, पण अभ्यासक्रम राज्य मंडळाचा, म्हणजे बालभारतीच्या पुस्तकांतला. बोर्डाच्या परीक्षेसाठी ‘२१ अपेक्षित’ प्रश्नसंच चाळून गेलेल्या घरांना इथे सवय बदलावी लागते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असल्यामुळे ‘हे येणारच’ असे ठामपणे सांगण्याजोगा प्रश्न उरत नाही.

मुंबईतल्या शीव कोळीवाड्यातून या परीक्षेचे फळ डोळ्यांना दिसते. जीटीबी नगर स्टेशनपासून, ज्याला जुनी माणसे अजून कोळीवाडा स्टेशनच म्हणतात, दोन-अडीच किलोमीटरवर व्हीजेटीआय हे इंजिनीअरिंग कॉलेज आहे. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था १९२३ पासून माटुंग्यात आहे. तिच्या शेजारीच, १९३३ साली यूडीसीटी म्हणून सुरू झालेली रसायन तंत्रज्ञानाची आयसीटी. दोन्हीकडच्या पदवी प्रवेशाला सीईटीचे गुण लागतात. त्याच वाटेवर किंग्ज सर्कलला फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे स्टॉल आहेत आणि नव्या गाइडची किंमत परवडत नाही तेव्हा पावले तिकडेच वळतात. त्यात काही वावगे नाही, फक्त आवृत्तीचे साल बघून घ्यावे. अकरावीची पुस्तके २०१९ साली आणि बारावीची २०२० साली बदलली. कंटिन्युइटी हा धडा पूर्वी बारावीत होता, तो आता अकरावीत आहे. २०२० च्या आधीचे गाइड घेतले तर धड्यांची वाटणी चुकीची दिसते आणि विद्यार्थी नको तिथे जोर लावतो. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी राज्यातल्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला जेईई मेनचे गुण धरले जात होते. सीईटी परतली ती २०१६ मध्ये. तेव्हा त्या दोन वर्षांतले गाइड हाती लागले तर ते जेईईच्या बेताने लिहिलेले असण्याचीच शक्यता जास्त. सरावाचे प्रश्न म्हणून जुने गाइडही चालते, अभ्यासक्रमाचा नकाशा म्हणून चालत नाही.

गाइड उघडण्याआधी बालभारतीच्या त्या धड्यातली सोडवलेली उदाहरणे आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह स्वतःच्या हाताने करून झालेला असावा. हा सल्ला सगळे देतात आणि जवळजवळ कोणी पाळत नाही, कारण गाइडमधली सूत्रांची पाने वाचताना सगळे येत असल्याचा भास होतो. धडा झाला की नाही हे ओळखायची साधी खूण आहे: कोरा कागद घेऊन मुख्य सूत्रे लिहायची आणि त्यांतले निदान एक सिद्ध करून बघायचे. सिद्ध झाले तर गाइड उघडायचे. नाही झाले तर पुन्हा पुस्तक.

हे का, ते एका नेहमीच्या प्रश्नात दिसते. डेफिनिट इंटिग्रेशनच्या धड्यात शून्य ते पाय भागिले दोन या मर्यादेतले एक इंटिग्रल हमखास असते: अंशात साइन एक्सचे वर्गमूळ, छेदात साइन एक्स आणि कोस एक्स यांच्या वर्गमुळांची बेरीज. गाइडची चौकट सांगते, असे दिसले की उत्तर मर्यादेच्या निम्मे, पाय भागिले चार. दहा सेकंदांत दोन गुण. आता पेपर काढणारा अंशात ‘दोन साइन एक्स अधिक तीन कोस एक्स’ ठेवतो आणि छेदात ‘साइन एक्स अधिक कोस एक्स’. चेहरा तोच दिसतो, पर्यायांत पाय भागिले चार मुद्दाम ठेवलेले असते आणि चौकट पाठ केलेला विद्यार्थी त्यावरच क्लिक करतो. ज्याला गुणधर्म ठाऊक आहे तो एक्सच्या जागी ‘पाय भागिले दोन वजा एक्स’ घालतो. साइनचे कोस होते, कोसचे साइन होते. नवे आणि जुने रूप मिळवले की अंशात पाच साइन, पाच कोस येतात, छेद कटतो आणि दुप्पट इंटिग्रल म्हणजे पाच गुणिले पाय भागिले दोन. उत्तर पाच पाय भागिले चार. वेळ फार तर अर्धे मिनिट. पहिल्या प्रश्नातही हेच घडले होते. चौकटीने ते झाकून फक्त शेवट दाखवला होता.

शॉर्टकट सरसकट वाईट नसतात. काही तर बहुपर्यायी परीक्षेचा हक्काचा फायदा आहेत आणि ते न वापरणे हा निव्वळ वेडेपणा. इनडेफिनिट इंटिग्रेशनचा प्रश्न किचकट असेल तर इंटिग्रेट करण्याऐवजी पर्यायच डिफरन्शिएट करून बघता येतात. डिफरन्शियल इक्वेशनचेही तसेच: पर्याय समीकरणात टाकायचा, बसला तर तो. बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशनमध्ये मीन ६ आणि व्हेरियन्स ४ दिले असेल तर चाराला सहाने भागले की क्यू दोन-तृतीयांश, पी एक-तृतीयांश आणि एन १८. कागदाची गरजही पडत नाही. जो शॉर्टकट का चालतो हे एका वाक्यात सांगता येते तो ठेवावा. जो सांगता येत नाही त्यावर गाइडमध्येच काट मारावी.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक अडचण आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. अकरावी-बारावीत कानावर इंग्रजी शब्द पडलेले असतात, तरी अडखळायला होते ते संज्ञांवर नव्हे, बारीक शब्दांवर: ‘अ‍ॅट लीस्ट’, ‘अ‍ॅट मोस्ट’, ‘नॉट मोअर दॅन’. प्रॉबॅबिलिटीच्या प्रश्नात ‘अ‍ॅट लीस्ट’ आणि ‘अ‍ॅट मोस्ट’ यांची गल्लत झाली की बाकी सगळे बरोबर असूनही उत्तर चुकते, आणि ते चुकलेले उत्तर पर्यायांत हजर असते. असे शब्द गाइडमध्ये पेन्सिलीने अधोरेखित करत गेले की नजर तयार होते.

प्रश्न सोडवताना उत्तरसूची झाकलेली असावी, हे सांगायला नको. हिंट वाचून ‘अरे, हे तर येत होते’ असे म्हणत पुढे जाणे ही गाइडच्या वापरातली सर्वांत महागडी सवय. हिंट पाहावी लागलेल्या प्रश्नाला खूण करायची आणि आठवड्याने तो कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचा. चुकांसाठी वेगळी वही असावी आणि तिच्यात चुकीमागचे कारणही लिहावे: सूत्र आठवले नाही, प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड घसरली, की वेळ गेला. महिन्याभरात कळते की बहुतेक चुका दोनच कारणांच्या आहेत. गाइडांतही छपाईच्या चुका असतात. दोनदा तपासूनही उत्तर जुळत नसेल तर शिक्षकांना दाखवावे. उत्तरसूचीपुढे लगेच मान तुकवू नये.

अकरावीच्या धड्यांकडे बारावीच्या धावपळीत दुर्लक्ष होते. त्यांचे प्रश्न दहाच्या आसपास, पण तेवढेच २० गुण. सरळ रेषा, वर्तुळ, कॉम्प्लेक्स नंबर्स, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन हे धडे दिवाळीच्या सुट्टीत काढून ठेवलेले बरे. मार्चमध्ये बोर्डाचे पेपर संपेपर्यंत त्यांना वेळ मिळत नाही.

शेवटच्या टप्प्यात धडावार प्रश्न थांबवून पूर्ण पेपर सोडवावे लागतात. परीक्षेत पहिली ९० मिनिटे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राची आणि गणित त्यानंतर; डोके थकलेले असते. म्हणून नुसता गणिताचा पेपर ताज्या डोक्याने सोडवणे हा अर्धाच सराव. सलग तीन तास हवेत, तेही आवाजाविना, आणि एका खोलीच्या घरात ते जमणे कठीण. तेव्हा अभ्यासिका किंवा कॉलेजची लायब्ररी शोधावी. गाइडातला पेपर कागदावर असतो, परीक्षा पडद्यावर; प्रश्न वर पाहून रफ खाली करण्याची सवय लागावी म्हणून परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरची सराव परीक्षाही द्यावी.

पेपरात पहिल्या फेरीत येणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत वेळ खाणारे. शेवटची दोन मिनिटे उरलेल्यांसाठी राखून ठेवायची, कारण गुण कापले जात नसताना रिकामा प्रश्न सोडणे परवडत नाही. बारा प्रश्नांवर नुसता अंदाज मारला तरी चारांतला एक या हिशेबाने सरासरी तीन बरोबर येतात, म्हणजे सहा गुण. दोन पर्याय आधी बाद करता आले तर बारा.

परीक्षेनंतर सीईटी सेल उत्तरसूची आणि विद्यार्थ्याने दिलेली उत्तरे लॉगिनमध्ये दाखवते. शुल्क भरून आक्षेप नोंदवता येतो. प्रत्येक आक्षेपाचे पैसे वेगळे पडतात, म्हणून आधी पूर्ण उकल लिहून काढावी. आधार द्यायचा तर तो बालभारतीच्या पुस्तकातल्या व्याख्येचा किंवा सूत्राचा द्यावा, गाइडच्या पानाचा नव्हे.