जुन्या मोटारीने धावावे काय?

इटलीतील ब्रेशिया शहरातून निघून रोमला जावयाचे व पुन्हा ब्रेशियास परतावयाचे, अशी मोटारींची एक शर्यत १९२७ साली सुरू झाली. अंतर सुमारे सोळाशे किलोमीटर, म्हणजे हजार मैल. म्हणून तिचे नाव 'मिल्ले मिल्या'. पहिल्या वर्षी विजयी मोटारीचा सरासरी वेग ताशी ७७ किलोमीटर होता. १९५५ साली स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकाने १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत शर्यत जिंकली, तेव्हा तो १५७ वर गेला होता. रस्ते मात्र गावागावांतून जाणारे, नेहमीच्या रहदारीचेच होते. १९५७ साली ग्विदित्सोलो गावाजवळ एका मोटारीचा टायर फुटला व ती कडेच्या लोकांत घुसली. मोटारीतील दोघे आणि नऊ प्रेक्षक प्राणास मुकले. त्या नवांत पाच मुले होती. वेगाची ती शर्यत तेथेच संपली.

१९७७ साली त्याच वाटेने जुन्या मोटारी पुन्हा निघाल्या, आणि पुढे ती प्रथाच पडली. १९५७ पर्यंतच्या शर्यतींत ज्या जातीच्या मोटारी धावल्या, त्यांनाच येथे प्रवेश असतो. आता सर्वांच्या आधी पोचणाऱ्याला मान नाही. नेमून दिलेला टप्पा नेमक्या वेळेत, सेकंदाच्या अंशाचीही चूक न करता जो गाठील, तो श्रेष्ठ.

अशा दुर्मिळ मोटारी संग्रहालयातच ठेवाव्यात, असे काहींचे म्हणणे आहे. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हे. पन्नास-साठ वर्षे जपलेला पत्रा एका वळणावर चेपतो. परंतु उभ्या मोटारीचेही रबर चिरते, तेल आटते, लोखंड गंजते. शिवाय काचेआडून तिचा आकार तेवढा कळतो. तिचा आवाज कळत नाही, की इंजिनात जळणाऱ्या एरंडेलाचा वासही येत नाही. (त्या काळी शर्यतीच्या पुष्कळ मोटारींना वंगण म्हणून एरंडेल घालीत. ते बळेच प्यावे लागलेल्या मुलांना त्याचा हा उपयोग अधिक पसंत पडेल!)

म्हणून मोटार धावावी. मात्र तिची तयारी प्रामाणिक असावी. कारागीर इंजिन सुटे करतो, एकेक दट्ट्या तपासतो, झिजलेला भाग बदलतो, नवे टायर चढवितो. एवढ्याने तिचे जुनेपण जात नाही; तिच्या उमेदीच्या काळातही प्रत्येक शर्यतीनंतर हेच होत असे. आग विझविण्याचे साधन बसविले, तरी कोणी हरकत घेऊ नये. पण जुन्या पत्र्याखाली नवे, अधिक बळाचे इंजिन दडवणे, ही शुद्ध लबाडी आहे. ऐतिहासिक मोटारींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही, सुरक्षिततेच्या गोष्टी वगळता, मोटार आपल्या काळी होती तशीच असावी अशी अट आहे. ती काटेकोरपणे पाळली जावी. त्या मोटारी आजही गावांतूनच जातात, आणि मुले आजही कडेला उभी असतात.