दीवचे सेंट थॉमस

दीव बेटावरील सेंट थॉमस चर्च १५९८ सालचे. नित्याची उपासना तेथे केव्हाच थांबली. आज त्या वास्तूत जुन्या काष्ठमूर्तींचे व शिलालेखांचे संग्रहालय आहे. दीवची ख्रिस्ती वस्ती विरळ होत गेली आणि उपासनेचा भार सेंट पॉल चर्चवर आला. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या वास्तूने तर रुग्णालयाला जागा दिली. १९८७ पर्यंत दीव आणि गोवा हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. तेथील ह्या स्थित्यंतराचा विचार गोमंतकीयांनीही करावयास हवा.

वास्तू ओस पडली की तिचे काय होते, हे जुन्या गोव्यात उघड दिसते. १८३५ साली धार्मिक संघांवर बंदी आली आणि मठ रिकामे झाले. सेंट ऑगस्टिनचे छत १८४२ मध्ये कोसळले. दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा १९३१ मध्ये पडला. जांभ्यावरचा गिलावा गेला की पाणी मुरते आणि भिंत आतून पोखरली जाते. रोज दार उघडणारा, कौल सरकले की वर पाहणारा माणूस नसेल, तर कोणतीही भिंत आमच्या पावसाळ्यापुढे टिकत नाही. उलट, सेंट फ्रान्सिसच्या मठात १९६४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आले आणि तो मठ नांदता राहिला. कदंबकालीन शिल्पे आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे तेथे एकाच छपराखाली आहेत!

ज्यांनी तिसवाडीतील देवळे १५४० मध्ये पाडली, त्यांची प्रार्थनामंदिरे आम्ही का जपावी, असे विचारणारे आहेत. ती जखम आम्हांस ठाऊक आहे. परंतु आमचा लढा राजवटीशी होता, आणि ती १९६१ मध्ये गेली. ह्या चिऱ्यांना छिन्नी लावणारे हात येथलेच होते.

मात्र वापर बदलला म्हणून वास्तूचा घाट बदलता कामा नये. दारातून आत येताच दृष्टी थेट वेदीकडे जावी, अशा बेताने चर्चचा लांबट, उंच गाभा योजलेला असतो. त्यात आडभिंती आणि खोटी छते घातली, तर मूर्ती दिसतील, चर्च दिसणार नाही. सिमेंटचा गिलावा त्याहून वाईट. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आतच कोंडते. दुरुस्तीच्या निविदेत चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याची अट घालण्यास सरकारी खात्यांना कोणती अडचण आहे?

सेंट थॉमसमध्ये १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, मिस्सा होण्याचा प्रघात आहे. संग्रहालयाच्या शिस्तीचे निमित्त करून प्रशासनाने तो कधीही मोडू नये. त्यासाठी काचेची कपाटे हलवावी लागत असतील, तर ती हलवता येतील अशीच करून घ्यावीत.