‘अजिंक्य’ आल्फेत्ता

मोटारींच्या शर्यतींचें वेड हल्लीं शाळकरी मुलांत बरेंच शिरलें आहे. जुन्या मोटारींचा विषय निघाला म्हणजे त्यांच्या बोलण्यांत ‘अजिंक्य’ हें विशेषण इतक्या सढळपणें येतें कीं, त्याची एकदां झडती घ्यावी असें आम्हांस वाटूं लागलें आहे. इटलीच्या आल्फा रोमेओ कारखान्याची ‘१५८’ ही मोटार, जिला लाडानें ‘आल्फेत्ता’ म्हणजे छोटी आल्फा म्हणत, ती या विशेषणाची मोठी मानकरी. ती थोर होती यांत वाद नाहीं. परंतु तिचें थोरपण तिच्या न हरण्यांत होतें, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

१९३४ नंतर ग्राँ प्रीच्या मैदानावर मर्सिडीज-बेन्झ व ऑटो युनिअन या दोन जर्मन संघांचा असा दरारा बसला कीं, इतरांस उरलेसुरलें यश वेंचावें लागे. तेव्हां इटालियनांनीं दुय्यम वर्गाकडे, म्हणजे दीड लिटरच्या मोटारींकडे, लक्ष वळविलें. १९३७ सालीं जोआक्किनो कोलोंबो यानें मोदेना येथें एन्झो फेरारी याच्या कार्यशाळेंत या मोटारीची आखणी केली. (फेरारी त्या काळीं आल्फाच्याच मोटारी शर्यतींत उतरवीत असे; हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) एका ओळींत आठ सिलिंडर, हवा व इंधन यांचें मिश्रण दाबून एंजिनांत भरणारा सुपरचार्जर, आणि बळ सुमारें १९५ अश्वशक्तीचें. ऑगस्ट १९३८ मध्यें लिव्होर्नो येथील पहिल्याच शर्यतींत एमिलिओ व्हिलोरेसी यानें तिला जिंकून दिलें.

पुढील वर्षीं त्रिपोलीची शर्यत आली. लिबिया तेव्हां इटलीच्या ताब्यांत होता, आणि शर्यत दीड लिटरच्या मोटारींपुरतीच ठेविलेली. अंगणही घरचें व नियमही घरचे! पण मर्सिडीजनें थोडक्या महिन्यांत त्या मापाची अगदीं नवी मोटार बांधून आणली. लांग पहिला, काराचिओला दुसरा; आल्फेत्ता तिसरी. ती जर्मन मोटार पुन्हां कोणत्याही शर्यतींत उतरली नाहीं. जोडीचा मल्ल एकदांच भेटला आणि त्यानें पाठ लावली, हें भक्तमंडळी सहसा सांगत नाहींत.

महायुद्धानंतर जर्मन संघ मैदानांत नव्हते. १९४६ सालीं पॅरिसजवळ सां-क्लू येथें आल्फाच्या दोन्ही मोटारी बंद पडल्या. त्यानंतर मात्र १९५१ च्या उन्हाळ्यापर्यंत त्यांस कोणी खऱ्या अर्थानें अडविलें नाहीं. आखाडा निम्मा रिकामा होता. तरीही किंमत द्यावी लागलीच. १९४८ सालीं आकिले वार्झी हा कसलेला चालक स्वित्झर्लंडांत सरावाच्या वेळीं हीच मोटार उलटून मेला. मुलांनीं विजयांची यादी पाठ करावी, पण तींत हें नांवही असावें. १९५० सालीं जागतिक विजेतेपदाची स्पर्धा सुरू झाली. त्या वर्षीं आल्फानें ज्या सहा शर्यतींत भाग घेतला, त्या सहाही जिंकल्या, आणि निनो फारिना पहिला जगज्जेता झाला.

आमच्या मतें खरें कौतुक आहे तें कारखान्यांतील कामाचें. तेंच दीड लिटरचें एंजिन; पण १९५० सालीं त्यांतून ३५० च्या आसपास अश्वशक्ति निघे, व १९५१ च्या ‘१५९’ या सुधारलेल्या आवृत्तींत ४२० च्या सुमारास. जुनें अडगळींत टाकून नवें करकरीत आणणें सोपें असतें. तेरा वर्षें एकाच यंत्राशीं झगडून त्याचें बळ दुप्पट करणें सोपें नव्हे. परंतु या बळाबरोबर तहानही वाढली. मिथेनॉलचा मोठा भाग केवळ एंजिन आंतून थंड राखण्यांत खर्ची पडे, आणि एका गॅलनांत मोटार जेमतेम दीड मैल जाई.

हें वर्म एन्झो फेरारीच्या नव्या कारखान्यांतील आउरेलिओ लाम्प्रेदी यानें हेरलें. नियमांत सुपरचार्जरशिवाय साडेचार लिटरची मुभा होती. त्यानें तसें मोठें एंजिन बांधलें. तें कमी इंधन पिई, म्हणून कमी थांबे. १४ जुलै १९५१ रोजीं सिल्व्हरस्टोन येथें होसे फ्रोइलान गोन्सालेस यानें आपलाच देशबांधव फांजिओ याच्या आल्फावर सुमारें ५१ सेकंदांनीं मात केली. मध्यंतरीं इंधनासाठीं थांबला असतां, स्वतःची मोटार बंद पडलेल्या अस्कारीस त्यानें आपली जागा देऊं केली, आणि अस्कारीनें ती घेतली नाहीं. आल्फेत्ताचा सर्वांत गौरवाचा दिवस आम्ही हाच मानतों. बारा वर्षांनंतर तिला जोडीचा प्रतिस्पर्धी मिळाला, आणि तोही तिच्याच जन्मघरचा!

त्यानंतरच्या दोन्ही शर्यती, जर्मनीची व इटलीची, फेरारीनेंच जिंकल्या. ऑक्टोबरांत बार्सिलोना येथील अखेरच्या शर्यतींत फेरारीच्या संघानें लहान चाकें लावण्याची चूक केली. टायर टिकले नाहींत, आणि फांजिओनें ती शर्यत व जगज्जेतेपद दोन्ही मिळविलीं. आतां नवी मोटार हवी होती, पण तिच्यासाठीं पैसा नव्हता. आल्फानें माघार घेतली, आणि पुढच्या वर्षीं ग्राँ प्रीच्या रांगेंत आल्फेत्ता उभी नव्हती.