पाटी लावली, जमीन कोठे आहे?

रस्त्याच्या कडेला सरकारने ऐतिहासिक पाटी रोवली की अन्यायाचे देणे फिटले, असे मानणारा एक वर्ग सर्वत्र असतो. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, कंबरलंड पठारावरील ग्रंडी या डोंगराळ जिल्ह्यात, माँटीगल गावाजवळ 'हायलँडर फोक स्कूल' या शाळेची अशीच पाटी उभारण्यात आली. पाटी उभारणारा इतिहास आयोग टेनेसी राज्याचा, आणि शाळा बुडविणारे सरकारही टेनेसी राज्याचेच!

माइल्स हॉर्टन व डॉन वेस्ट यांनी १९३२ मध्ये स्थापिलेल्या या शाळेत गोरे व काळे एका मेजावर जेवत आणि एका वर्गात शिकत. हाच तिचा खरा गुन्हा. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात येथे येऊन गेल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला त्यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला. सेप्टिमा क्लार्क यांनी येथूनच मताधिकारासाठी प्रौढांना अक्षरे शिकविणारे वर्ग उभे केले.

आता खटला पाहा. ३१ जुलै १९५९ रोजी धाड पडली आणि दारूच्या आरोपावरून अटक झाली ती क्लार्कबाईंना, ज्या दारूला शिवतही नसत! पुढे सनद रद्द करण्यासाठी तीन कारणे मांडण्यात आली: परवान्याविना बिअर विकली, हॉर्टन यांनी खाजगी लाभ घेतला, आणि १९०१ च्या कायद्याविरुद्ध दोन्ही वर्णांना एकत्र शिकविले. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १९६१ मध्ये तिसऱ्या कारणाला हात न लावता उरलेल्या दोहोंवर सनद रद्द ठरविली. ही चतुराई वकिलाच्या ध्यानात येण्यास वेळ लागत नाही. वर्णभेदाचा प्रश्न निकालात ठेवला असता, तर राज्यघटनेच्या कसोटीस उतरावे लागले असते; बिअरच्या बाटलीस राज्यघटना कोण लावतो? केंद्रीय सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी प्रकरण ऐकण्यास नकार दिला. पुढे सुमारे २०० एकरांच्या त्या मालमत्तेचा लिलाव झाला. भरपाई शून्य.

त्या काळी दक्षिणेतील रस्त्यांवर दुसरेही फलक होते. १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग या शाळेत आले असता घेतलेले छायाचित्र छापून, ते कम्युनिस्टांच्या शाळेत शिकत असल्याचा कांगावा त्यांवर केलेला असे. अशा फलकांचे उत्तर म्हणून सरकारी पाटी आम्हांस मान्य आहे. पावती म्हणून मुळीच नाही. दिवाणी कायद्यात ज्याने मालमत्ता हिरावली त्याने ती परत करावी किंवा तिचे मोल द्यावे, एवढाच साधा न्याय आहे. ऋणकोने धनकोच्या दारावर स्तुतिपर फलक लावल्याने दावा निकाली निघत नाही.

शाळा मात्र नवी सनद घेऊन प्रथम नॉक्सव्हिल येथे व पुढे न्यू मार्केट येथे चालू राहिली. तेथील तिचे मुख्य कार्यालय मार्च २०१९ मध्ये जळून खाक झाले, आणि जवळच वाहने उभी करण्याच्या जागेवर वर्णवर्चस्ववाद्यांचे चिन्ह रंगविलेले आढळले.