आधी हात पाहा, मग जोर

मुलाची फेक वाकडी गेली, की मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या अब्बांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "जोर लाव!" आज आम्ही ज्या खेळाविषयी लिहीत आहोत, त्यात हा सल्ला बहुधा उलटाच पडतो.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. प्लास्टिकची, साधारण १५० ते १८० ग्रॅमची चकती फेकत फेकत साखळ्या लावलेल्या टोपलीत पोचवायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली एड हेड्रिक यांनी या खेळाचं पहिलं कायमचं मैदान उभारलं. आज तिथल्या अनेक सार्वजनिक बागांत अशी मैदानं आहेत आणि बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत. ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे राहतात, त्यांनी या टोपल्या पाहिल्याही असतील.

चकतीला हवेत सांभाळतात दोन गोष्टी: पुढे जाण्याचा वेग आणि स्वतःभोवतीची गिरकी. भोवरा फिरत असेपर्यंत पडत नाही, तशी चकतीही गिरकी असेपर्यंत सहजी कलंडत नाही. उजव्या हाताने छातीसमोरून ओढून फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. वेग जास्त असताना ती किंचित उजवीकडे झुकू शकते. वेग मंदावला की डावीकडे वळून खाली येते. शेवटचं हे वळण चूक नव्हे, चकतीचा स्वभाव आहे. डावखुऱ्यांचं सगळं याच्या उलट.

आता चुका ओळखू या. चकती उंच चढली, हवेत थबकली आणि डावीकडे पडली, तर सुटताना तिची पुढची कड वर होती. इथे जोर वाढवला तर ती आणखी उंच चढेल, लांब जाणार नाही. चकती थरथरत गेली, तर हात सरळ रेषेत ओढला गेला नाही किंवा पकड सैल होती. थरथरीत वेग वाया जातो. शरीरापासून लांबची कड खाली ठेवली तर चकती डावीकडे जाते, वर ठेवली तर आधी उजवीकडे. कसलेले खेळाडू झाडांना वळसा घालण्यासाठी हेच कोन मुद्दाम वापरतात.

ताकद दंडातून नव्हे, पायांतून येते. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर, मग कंबर, खांदा, कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट, असा हा क्रम असतो. नुसत्या दंडाने झटका देणाऱ्याचा खांदा दुखतो आणि चकती जवळच पडते. म्हणूनच नीट शिकलेली बारीक चणीची मुलगी धिप्पाड भावापेक्षा लांब फेकू शकते.

फेक जमेना, की घरात नव्या, वेगवान चकतीची मागणी होते. पण वेगवान चकतीला तेवढा वेग देता आला नाही, तर ती लगेच डावीकडे पडते आणि मूल हिरमुसून खेळ सोडतं. त्यापेक्षा कमी वेगाची एकच चकती द्या. मोकळ्या जागेत, समोर कुणी नाही हे पाहून, निम्म्या जोराने दहा फेकी करू द्या. मागे उभे राहून प्रत्येक फेकीनंतर एवढंच विचारा: "हातातून सुटताना कड कुठे होती?"