गोड कथेची हेटाळणी आणि शाळेतील भय

थायलंडमधील 'माय स्कूल प्रेसिडेंट' ही बारा भागांची दूरचित्रवाणी मालिका डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात प्रक्षेपित झाली आणि यूट्यूबच्या द्वारे तिला देशोदेशीचे तरुण प्रेक्षक लाभले. दोन शाळकरी मुलांच्या एकमेकांवरील निर्व्याज प्रेमाची ही कथा आहे. अशा मालिकांच्या लोकप्रियतेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी प्रचलित आहेत. सनातनी म्हणतात, ही कोवळ्या मनांना नासवण्याची योजना आहे. स्वतःस पुरोगामी म्हणवणारे कित्येक जण म्हणतात, हा भांडवली बाजारातला साखरेचा पाक आहे. समाजपरिवर्तनाची आस बाळगणाऱ्यांनी त्यात वेळ दवडू नये. पहिल्या आक्षेपाचा समाचार थोडक्यात घेता येतो. दुसरा आक्षेप मात्र आपल्याच गोटातून येत असल्यामुळे त्याची नीट झडती घेणे अगत्याचे आहे.

कथानक साधे आहे. टिन हा विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आणि शाळेच्या संचालिकेचा मुलगा. गन हा संगीत मंडळाचा प्रमुख. 'हॉट वेव्ह' या बँडच्या स्पर्धेत यश मिळाले नाही तर संगीत मंडळ बरखास्त होणार, अशी टांगती तलवार मुलांच्या डोक्यावर आहे. टिनचे गनवर फार दिवसांपासून मूक प्रेम आहे, आणि आपल्या पदाचा उपयोग तो हे मंडळ वाचवण्यासाठी करतो. पुढे तालमी आहेत, गाणी आहेत, मित्रांची थट्टा आहे, हळूहळू उमलणारा विश्वास आहे, आईपासून लपवलेले गुपित आहे आणि अखेरीस त्या आईने मुलाला समजून घेणे आहे. प्रेमापायी कोणी जीव देत नाही, कोणाला घराबाहेर काढले जात नाही. शरीराचे प्रदर्शन तर नाहीच.

ज्यांना यात अनीती दिसते त्यांनी एवढेच सांगावे : गनच्या जागी एखादी मुलगी असती तर हीच कथा त्यांनी कुटुंबासह बसून कौतुकाने पाहिली असती की नाही? पाहिली असती, हे उघड आहे. तेव्हा आक्षेप वर्तनाला नसून माणसाला आहे. आणि जन्मावरून माणसाला विटाळ ठरवणाऱ्या सोवळ्याशी ज्यांनी उभा जन्म झुंज दिली, त्यांना या सोवळ्याचे मूळ कोठे आहे हे निराळे सांगावे लागू नये.

आता दुसरा आक्षेप. गोडवा म्हणजे पलायन आणि पलायन म्हणजे अफू, असे हे समीकरण मांडले जाते. परंतु मार्क्सने ज्या परिच्छेदात अफूचा उल्लेख केला, त्याच परिच्छेदात ती जवळ करणाऱ्या पीडितांच्या दुःखाची दखलही घेतली आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. लोक एखाद्या स्वप्नाकडे धाव घेतात तेव्हा त्यांना जागेपणी काय नाकारले गेले आहे, हा प्रश्न समाजवाद्याने प्रथम विचारावयास हवा.

थायलंडच्या शाळेपुरते याचे उत्तर उपलब्ध आहे. शिक्षण मंत्रालयाच्या १९७५ च्या आदेशाने मुलांचे केस आखूड आणि मुलींचे केस कानापर्यंतच असावेत असे ठरवून दिले होते. नियम मोडणाऱ्यांचे केस शिक्षकांनीच सर्वांदेखत कातरावेत, हा तेथील शिस्तीचा परिचित प्रकार होता. २०२० साली 'वाईट विद्यार्थी' हे नाव अभिमानाने धारण करणारी विद्यार्थ्यांची संघटना पुढे आली. त्या वर्षी बँकॉकमध्ये एक विद्यार्थिनी हात बांधून भर रस्त्यात बसली. शेजारी कात्री होती, आणि हिचे केस नियमाबाहेर आहेत, हिला शिक्षा करा, अशा अर्थाचा फलक होता. ऑगस्टमध्ये शाळाशाळांतून ध्वजवंदनाच्या वेळी मुलांनी तीन बोटे उंचावली, पांढऱ्या फिती बांधल्या. तेवीस विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो पन्नास वर्षांचा आदेश रद्द केला.

या पार्श्वभूमीवर मालिकेतील शाळा पाहावी. तेथे विद्यार्थ्यांचा अध्यक्ष आपला अधिकार सहकाऱ्यांवर गाजवत नाही, त्यांच्यासाठी राबवतो. तेथे संचालिकेला अखेर मुलांचे ऐकून घ्यावे लागते. तेथे प्रेमाची कबुली दिल्याची किंमत देहदंडाने, हकालपट्टीने वा आत्महत्येने चुकवावी लागत नाही. प्रेक्षकाला ओढ लागते ती या निर्भयतेची. समलिंगी माणसाच्या वाट्याला पडद्यावर दीर्घकाळ विनोदी पात्र आणि शोकांतिका एवढेच आले. त्याला एक सामान्य, सुखाने संपणारी गोष्ट मिळावी, ही मागणी क्षुद्र आहे काय? भाकरीबरोबर फुलांचीही मागणी कामगार चळवळीने केली होती, तेव्हा तिला कोणी क्षुद्र म्हटले नव्हते.

तथापि येथेच सावध होण्याची गरज आहे. ही फुले बाजाराने दान दिलेली नाहीत, आणि जी दिली ती फुकटही नाहीत. मुलामुलांच्या प्रेमकथांचा हा प्रकार १९७० च्या दशकात जपानी चित्रकथांमधून, प्रामुख्याने स्त्री लेखिकांच्या हातून घडला. थायलंडमध्ये त्याने दूरचित्रवाणीवर पाय रोवले ते २०१४ च्या 'लव्ह सिक' या शालेय मालिकेने. २२ मे २०१४ रोजी लष्कराने सत्ता बळकावली होती, आणि जुलैत ही मालिका सुरू झाली. सैनिकी राजवटीला या गोडव्याचे भय वाटले नाही. पुढे सरकारच्या निर्यात खात्याने अशा मालिकांसाठी परदेशी गिऱ्हाईक शोधून देण्याचाही उद्योग केला. मालिकेतील जोडी पडद्याबाहेरही जोडी म्हणूनच जाहिरातींतून आणि चाहत्यांच्या मेळाव्यांतून विकली जाते. शाळेतले प्रेम दाखवण्यास मुभा होती. शाळेतून उठलेल्या तीन बोटांना मात्र नव्हती. राजसत्तेच्या अवमानाच्या ११२ व्या कलमाखाली अठरा वर्षांखालील मुलांवरही खटले भरले गेले. जी मुले खरोखरच निर्भय झाली, त्यांना राज्यसंस्थेने असे वागवले.

म्हणूनच मालिकांनी कायदा बदलला, हा कंपन्यांच्या हिताचा समज खोडून काढला पाहिजे. मालिकांनी मने मऊ केली असतील. परंतु विवाहाचा हक्क संघर्षाने मिळाला. विवाह स्त्री आणि पुरुष यांचाच, ही तरतूद घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा तेथील घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता. त्या वेळी मालिकांची भरभराटच होती. त्यानंतरही रस्त्यावरचे कार्यकर्ते थांबले नाहीत. संसदेत विधेयक नेटाने रेटणाऱ्या 'मूव्ह फॉरवर्ड' पक्षाने जून २०२२ मध्ये त्याचे पहिले वाचन मंजूर करून घेतले. अखेर २७ मार्च २०२४ रोजी कनिष्ठ सभागृहात ४०० विरुद्ध १० आणि १८ जून रोजी सिनेटमध्ये १३० विरुद्ध ४ मतांनी कायदा संमत झाला. २३ जानेवारी २०२५ पासून तो अंमलात आला. दरम्यान ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने 'मूव्ह फॉरवर्ड' पक्षच विसर्जित केला होता. हक्क मिळाला, आणि त्यासाठी झटलेल्या पक्षाचे अस्तित्व पुसले गेले. कोणत्याही मालिकेत हा भाग दाखवला जाणार नाही.

भारतात २०१८ साली ३७७ व्या कलमाचा जाच न्यायालयाने दूर केला, पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार देऊन तो प्रश्न कायदेमंडळाकडे टोलवला. म्हणजे येथेही चेंडू लोकांच्या, आणि म्हणून पक्षांच्या, अंगणात आहे. अशा वेळी जो कार्यकर्ता या मालिका पाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची चेष्टा करतो, तो एका संभाव्य सहकाऱ्याला बाजाराच्या स्वाधीन करतो. कंपनी त्या मुलाला आणखी एक मालिका देईल. चळवळीने त्याला सांगितले पाहिजे की, जी शाळा तो पडद्यावर पाहतो ती मागता येते, तिच्यासाठी संघटित होता येते, आणि बँकॉकच्या शाळकरी मुलांनी ते करून दाखवले आहे.