आरसा कुणाचा?

‘चार लोकांसमोर मला बोलताच येत नाही. मी आहेच तशी!’ हिंजवडीच्या आयटी कंपनीतली माझी एक मैत्रीण हे इतक्या सहज सांगते, जणू स्वतःचा ब्लड ग्रुपच सांगतेय. गंमत म्हणजे हीच बया रिक्षावाल्याशी भर चौकात हुज्जत घालून मीटरप्रमाणेच पैसे देते. मग ‘बोलता येत नाही’ हे ठरवलं कुणी?

मास कॉमला शिकलेला एक फंडा इथे फिट बसतो. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये तो मांडला. समोरचा माणूस म्हणजे आपला आरसा. आपण त्याला कसे दिसतो, त्याला काय वाटत असेल, याची आपण कल्पना करतो आणि त्यावरून खूश होतो किंवा खजील. मेख आहे ती ‘कल्पना’ या शब्दात! मीटिंगमध्ये बॉसने जांभई दिली. बिचाऱ्याची रात्री झोप झालेली नसेल. पण आपण ठरवतो, ‘मी बोअर करतेय.’ पुढच्या वेळी आवाज आणखी बारीक. मग लोक खरोखरच कंटाळतात!

आता आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. रमाबाई रानडे. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. नवरा शिकवायचा, घरातल्या बायका टोमणे मारायच्या. एकाच घरात दोन आरसे! एकात हुशार मुलगी दिसायची, दुसऱ्यात आगाऊ सून. तरी त्या शिकत राहिल्या. पुण्यात मुलींचं हायस्कूल हवं, म्हणून गव्हर्नरसमोर त्यांनी इंग्रजीत भाषण वाचलं. १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली.

पण मला खरी भावते ती पुढची गोष्ट. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. म्हणजे कौतुकाचा आरसाही गेला. तरी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, ते रमाबाईंच्या पुढाकाराने. तोवर स्वतःबद्दलचं मत कुणाच्या नजरेवर नाही, हातून झालेल्या कामावर उभं होतं.

तर दोस्तहो, अप्रेझलच्या फॉर्मवर ‘कम्युनिकेशन स्किल्स : अ‍ॅव्हरेज’ असा शेरा आला, तर लगेच त्याचं लेबल कपाळावर चिकटवू नका. सरळ विचारा, ‘सर, नेमकं कुठे कमी पडलं?’ आवाज, मुद्दे, की वेळ? उत्तर मिळालं, तर सुधारता येतं. कारण ‘प्रेझेंटेशन लांबलं’ ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे. ‘मी आहेच तशी’ म्हटलं, की विषयच संपतो.

आणि हो, आपणही कुणाचा तरी आरसा असतो. ज्युनिअर बोलत असताना मोबाइल बाजूला ठेवायला काय हरकत आहे?